चौतीस वर्षांचं लेकरू

माझ्या थोरल्या दिराला म्या माफ केलेलं न्हाय, आणि करणारबी न्हाय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटाला कुणी "जाऊ दे चैताली, घरचाच माणूस हाय" म्हणायला नको. घरचा हाय म्हणूनच तर जास्त राग हाय. परका असता तर एकदा तोंडावर बोलून मोकळी झाले असते.

लोहाऱ्यात आमचं घर. एका चुलीवर सगळे. थोरले दीर प्रेमानंद, म्हणजे आमचे भाऊजी, जाऊबाई आणि त्यांचा सम्यक. मी, माझे मालक अमृत आणि आमची श्रावस्ती. वर सासूबाई, मथुराबाई. अमृतची वडाप जीप हाय, लोहारा ते उमरगा माणसं भरून न्यायची. भाऊजी हायस्कूलात क्लार्क. दाखल्यावरच्या जन्मतारखा त्यांच्या टेबलावर. कुणाच्या तारखेत एका दिवसाचा फरक निघाला की त्या माणसाचं वाटोळंच. "शपथपत्र आणा, तहसीलचा शिक्का आणा, मग बघू." गावागावांतनं आलेली माणसं त्यांच्या दारात चपला झिजवायची, आणि संध्याकाळी जेवताना भाऊजी त्यांची नक्कल करून दाखवायचे. आम्ही हसायचो. मीबी हसायचे.

टॅब भाऊजींनीच आणला. लेकरांच्या अभ्यासाला म्हणून आणला आणि सगळ्या घराचा झाला. बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर तो चार्जिंगला असायचा. श्रावस्ती त्यात विज्ञानाचं बघायची, सासूबाई भीमगीतं ऐकायच्या, जाऊबाई साड्या बघायच्या. माझा फोन बटनाचा, त्यामुळं नोकरीच्या जाहिराती, अर्ज, सगळं मी टॅबवरच करायचे. आणि सम्यक गेम खेळायचा. खेळायचा म्हणजे काय, पोरगं टॅब घेऊन संडासात जाऊन बसायला लागलं. बाहेर म्हातारी तांब्या घेऊन उभी, आत ह्याचं ढिश्क्यांव ढिश्क्यांव. एक दिवस जाऊबाईंनी हातातनं ओढून घेतला तर आईच्या मनगटाला कडकडून चावला. दात उमटले हो!

तेव्हा लॉक टाका म्हणून घरात सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडले. "भाऊजी, लॉक टाका. सम्यकला टाका, आणि श्रावस्तीलाबी टाका. माझी हाय म्हणून सोडू नका." आजबी तेच म्हणीन. लेकराच्या हातात सगळं मोकळं देणं म्हणजे त्याला विहिरीच्या काठावर झोपवणं.

भाऊजींना तर हुकूमच मिळाला. रविवारी चष्मा लावून बाजेवर बसले. "जुन्या आयडींत लई कचरा झालाय, सगळ्यांच्या नवीन काढून देतो," म्हणले. एकेकाला बोलावून फोटो काढले. माझाबी काढला, पदर सारखा करून बसले मी. "तुझा पासवर्ड मी लिहून देतो," म्हणले. मला वाटलं, चला, काहीतरी धड करतायत. त्या दिवसापासनं आठ वाजले की टॅब बंद. गेम गेली, रील गेली. सम्यक फुगून बसायचा, पण संडास मोकळा झाला. शेजारणी विचारायच्या आणि मी भाऊजींचं कौतुक करत सुटायचे.

त्यातच तुळजापूरची जाहिरात आली. मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका पाहिजे. मी बी. ए. झालेय, लग्नानंतर, श्रावस्तीला मांडीवर घेऊन अभ्यास करून. ती पदवी घरात कुणाच्या उपयोगाची न्हाय, लग्नपत्रिकेत छापायलाबी उशीर झाला. पण ह्या जागेला तीच लागत होती. राह्यला दोन खोल्या आणि कर्मचाऱ्याच्या मुलीला तिथल्याच शाळेत प्रवेश. श्रावस्ती यंदा सातवी. भाऊजींनी तिच्याबद्दल आधीच सांगून ठेवलेलं, "दहावी करू, पुढं बघू, पोरीला किती शिकवायचं." माझ्या पोरीचं बघणारे हे कोण? ही जागा मिळाली तर श्रावस्तीचं मी बघणार होते आणि माझ्या दाराला माझी कडी लागणार होती. एवढंच पाहिजे होतं मला. एवढंच, पण सगळंच.

टॅबवरनं नव्या आयडीनं अर्ज भरला, मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा जेवताना सांगितलं. भाऊजींनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "दुसऱ्याच्या पोरी सांभाळायला जाणार. मग घरातली म्हातारी कोण सांभाळणार?"

"जाऊबाई हायेत, तुम्ही हाय. आणि मुलाखत तरी देऊ द्या, अजून कशातच काय न्हाय."

"दे की," असं म्हणून हसले. "मी कुठं तुझा हात धरलाय?"

अमृत ताटात बघत बसला. हा माणूस बसस्टँडवर पोलिसाशी हुज्जत घालतो, आणि भावापुढं ह्याच्या तोंडातनं शब्द फुटत न्हाय.

मुलाखत व्हिडिओवर होती, दुपारी बाराला. तुळजापूरच्या मॅडमनी फोन करून सांगितलं होतं की लिंक अर्जातल्या आयडीवर पाठवलीय, त्याच आयडीवरनं उघडेल, आणि त्यासाठी अमुक ॲप टाकून ठेवा. सकाळी भाऊजी शाळेत गेले, अमृत जीप घेऊन गेला. टॅबचं काय अडलं तर बघायला म्हणून श्रावस्तीला म्या घरी ठेवून घेतलं. मी न्हाऊन, इस्त्रीची साडी नेसून, टॅब पुढ्यात घेऊन बसले. ॲप घ्यायला गेले तर वर पाटी आली: हे ॲप घेण्यासाठी तुमच्या पालकांना विचारा.

मला वाटलं, पोरीचं उघडं राह्यलं. म्या हाक मारली, "श्रावस्ती, तुझं बंद कर आणि माझं लाव."

ती आली, बघितलं, आणि म्हणली, "आई, हे तुझंच हाय."

खरंच. माझा फोटो, माझं नाव. खाली पालक म्हणून नाव, प्रेमानंद. श्रावस्तीनं दोन-चार ठिकाणी बोट लावलं आणि माझी जन्मतारीख बाहेर काढली. मग माझ्या तोंडाकडं बघत हळूच म्हणली, "आई, तू नऊ वर्षांची हायेस. माझ्यापेक्षा धाकटी."

पहिल्यांदा हसू आलं मला, खोटं कशाला सांगू. वाटलं, गडबडीत चुकलं असंल माणसाचं. म्या 'विचारा' दाबलं. विचारणा तिकडं भाऊजींच्या फोनवर गेली असणार, कारण मी पदर खोचायच्या आत उत्तर आलं. परवानगी नाकारली. परत दाबलं. परत नाकारली. तिसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा तेच. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक न्हवती ही. माणूस तिकडं फोन हातात धरून बसला होता.

शेजारच्या हर्षालीकडं पळाले. तिच्या मोठ्या फोनवर माझी आयडी घातली. तिथंबी तेच, पालकाचा पासवर्ड टाका म्हणे. हर्षाली बिचारी कावरीबावरी झाली. "अगं, माझ्या फोनला कुठं लॉक हाय?" तिच्या फोनला न्हवतंच. टॅबलाबी न्हवतं. लॉक मला होतं. मी जिथं जाईन तिथं ते माझ्याबरोबर येणार होतं. मॅडमना फोन लावला तर उचलेनात, त्यांच्या दुसऱ्या मुलाखती चालू असणार.

टॅब काखेत मारला आणि शाळेत गेले. श्रावस्तीला घरी थांब म्हणलं तर ऐकते थोडीच, आली मागं.

भाऊजी टेबलावर होते. समोर एक बाई आपल्या पोराचा दाखला घ्यायला उभी. हेडमास्तर शरणबसप्पा सर आतल्या खुर्चीत पेपर वाचत होते. म्या परत 'विचारा' दाबलं आणि टॅब भाऊजींच्या टेबलावर ठेवला. "परवानगी द्या."

"घरी बोलू."

"घरी बोलेपर्यंत बारा वाजून जातील. तुमाला ते म्हाईत हाय."

"आवाज खाली. हापिस हाय हे." मग जरा हसून, त्या बाईला ऐकू जाईल असं म्हणले, "लेकरांसाठी नियम केलाय घरात. नियम सगळ्यांना सारखा."

"मी लेकरू हाय?"

आणि ह्या माणसानं काय उत्तर दिलं ऐका. चिडला न्हाय, लाजला न्हाय. वर्गात समजावून सांगावं तसं म्हणला, "हे बघ, टॅबनं विचारलं, कुटुंबात मोठं कोण. मी म्हणलं मी. मग विचारलं, तुमच्या हाताखाली कोण कोण. जे हायेत ते भरले. एका चुलीवर खाणारं माणूस हाताखाली न्हाय तर काय डोक्यावर? त्यात अपमान कसला? काळजी करतो म्हणून केलं."

"आणि जन्मसाल?"

"मोठं वय टाकलं तर ते हाताखाली घेत न्हाय."

काय थंडपणे सांगितलं हो! तोवर शरणबसप्पा सर पेपर ठेवून उठून आले. "काय झालं, ताई?"

"काय न्हाय सर," म्या म्हणलं. "तुमच्या क्लार्कनी मला नऊ वर्षांची केलीय. ही माझी पोरगी बारा वर्षांची. मी चौतीसची हाय, लग्न झालंय, बी. ए. झालंय, आणि आज माझी मुलाखत हाय. ती द्यायला मला ह्यांची परवानगी पाहिजे म्हणे."

दाखल्याला आलेली बाई तोंडाला पदर लावून हसली. तेवढ्यानं भाऊजी पेटले. सर म्हणत होते, "अहो प्रेमानंदराव, देऊन टाका की," पण आता त्यांचं नाक मधे आलं होतं. खिशातनं फोन काढला, माझी विचारणा उघडली, स्क्रीन माझ्या तोंडापुढं धरला आणि सगळ्यांदेखत 'नाकारा' दाबलं. "आता माग. कितीबी वेळा माग."

रडायला आलं मला. पण त्या माणसापुढं रडायचं? मेले तरी न्हाय.

आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. मॅडमच होत्या. "चैतालीताई, तुमची वेळ झाली, तुम्ही आला नाहीत?"

बाहेर जाऊन बोलता आलं असतं. मुद्दाम न्हाय गेले. तिथंच, टेबलाला टेकून, मोठ्यानं बोलले. "मॅडम, मला येता येत न्हाय. माझ्या दिरांनी टॅबात मला लहान मुलगी म्हणून घातलंय. ते समोरच बसलेत. परवानगी देत न्हाईत."

मला वाटलं, गेली जागा हातची. असल्या घरातली बाई कोण घेणार कामाला? मग मॅडम म्हणल्या, "फोनवर विचारलं तर चालेल तुम्हाला?"

"चालेल की! न चालायला काय झालं?"

शिक्षण विचारलं, आजारी मुलगी असली तर काय कराल विचारलं, स्वयंपाकिणी भांडल्या तर काय कराल विचारलं. मग म्हणल्या, "आमच्याकडं सगळ्यात मोठी भानगड मोबाईलची आहे. मुली रात्रभर बघत बसतात. तुम्ही बंधन घालाल का?"

म्या भाऊजींच्या डोळ्यांत बघून उत्तर दिलं. "घालीन. कडक घालीन. पण जिला घालीन तिला समोर बसवून सांगीन की हे मी घातलंय, का घातलंय, आणि कधी काढणार. चोरून घालणार न्हाय. आणि जिचं वय झालंय तिला हात लावणार न्हाय. तिला फक्त सांगीन, बाई, झोप आता."

मॅडम म्हणल्या, "उद्या सकाळी तुळजापूरला समक्ष या. आमच्या बाकीच्या लोकांनाही तुम्हाला भेटू दे."

म्या फोन ठेवला. शरणबसप्पा सर खिडकीबाहेर बघत होते. टॅब तिथंच टेबलावर सोडला आणि पोरीचा हात धरून निघाले.

घरी येऊन पिशवी भरली. नळदुर्गला माझी बहीण हाय, संध्याकाळीच तिच्याकडं जायचं आणि सकाळी पुढं तुळजापूर, असं ठरवलं. दिवस मावळायच्या आधी भाऊजी आले, मागोमाग अमृतबी आला. भाऊजींनी टॅब फळीवर ठेवला आणि अंगणात उभं राहून हुकूम सोडला. "उद्या कुणी कुठं जाणार न्हाय. चारचौघांत माझी अब्रू घालवली हिनं."

सासूबाई लगेच, "मोठा सांगतोय तर ऐकावं बाई. माफी माग आणि मिटव."

"माफी? म्या? आत्या, तुमच्या लेकानं मला नऊ वर्षांची केली!"

"आपल्याच घरातलं लेकरू म्हणला, त्यात काय बिघडलं?" बघा आता. काय बोलायचं ह्यावर?

मी अमृतकडं वळले. सगळं सांगितलं, टॅबचं, शाळेतलं, फोनचं. हा मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणला, "दादानं कायतरी बघूनच केलं असंल. लेकरांचं करताना तुझंबी चुकून झालं असंल. एवढं काय धरून बसतीस?"

माझा सगळा दम तिथं निघाला. भाऊजींचा राग परवडला, पण ह्या माणसाचं हे 'बघूनच केलं असंल' मला पंधरा वर्षं खात आलंय. पिशवी हातात तशीच धरून म्या विचारलं, "तुमच्या फोनचं कुणी करून दिलं?"

"दादानं. नवीन घेतला तवा."

"मग टाका बघू एखादं ॲप. माझ्यासमोर. कुठलंबी टाका."

"माझा काय संबंध?" हसला. "मी मोठा माणूस हाय की."

"टाका तरी."

त्यानं वैतागून फोन काढला आणि क्रिकेटच्या स्कोअरचं ॲप शोधून बोट लावलं. मग तो स्क्रीनकडं बघत राह्यला. आणि भाऊजींच्या शर्टाच्या खिशात टिंग वाजलं.

अंगणात सगळ्यांनी ऐकलं. जाऊबाई चुलीपुढनं उठून दारात आल्या. सम्यक मोठ्यानं म्हणला, "काका, तुमीबी?" आणि आईची चापट खाऊन गप्प बसला. तेव्हा मला कळलं, अमृतच्या फोनवर पैसे घ्यायचं ॲप का बसत न्हवतं आणि हा दरवेळी जीपमधल्या माणसांना रेंज न्हाय म्हणून का सांगत होता. हा विचारायचा दादाला, आणि दादा म्हणायचा, बघतो.

भाऊजींनी फोन काढला. मला वाटलं, आता तरी हा माणूस जमिनीकडं बघंल. कशाचं काय! स्क्रीनवर बोट टेकवलं आणि मोठ्या मनानं हसून भावाला म्हणले, "घे, दिली परवानगी. तुला मी कवा न्हाय म्हणलंय का?"

आणि अमृतच्या हातातल्या फोनवर ते ॲप उतरायला लागलं.

अमृतचं तोंड मी जन्मात विसरणार न्हाय. मार खाल्लेल्या माणसाचं तोंडबी असं होत न्हाय. फोन बंद करून त्यानं श्रावस्तीच्या हातात दिला, खुंटीवरनं जीपची चावी घेतली आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

"कुठं निघालास रे?" सासूबाई.

"हिला नळदुर्गला सोडतो. उद्या तुळजापूरला घेऊन जातो."

"दादाला विचारलंस का?"

तो जीपमधे जाऊन बसला. भाऊजी मागनं ओरडत होते, "जा, जा! परत आलात तर माझ्या दारात पाय ठेवू नका!" श्रावस्ती मागं बसली, मी पुढं. दुसऱ्या दिवशी जागा मला मिळाली, पण ते सगळं अजून व्हायचं होतं, त्या संध्याकाळी आमच्याजवळ फक्त एक पिशवी होती. गाव मागं पडलं. अमृत रस्त्याकडं बघत गाडी चालवत होता, गाणंबी लावलं न्हवतं. मी अजून रागातच होते.

मग त्यानं विचारलं, "मला किती वर्षांचं केलं असंल गं दादानं?"

श्रावस्तीनं तोवर मागं बसून त्याच्या फोनात बघून घेतलं होतं. आरशात मला तिचं तोंड दिसलं. पोरीनं फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि बाहेर बघायला लागली, आणि म्याबी तिला विचारलं न्हाय.